पागेपासून जिवंत लशीपर्यंत : सीरम इन्स्टिट्यूटची साठ वर्षे

हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया २०२६ मध्ये साठ वर्षांची होत आहे. करोनाच्या दोन वर्षांत तिचे नाव घरोघरी पोचले. तेव्हापासून संस्थेविषयी जे काही लिहिले जाते ते कोविशील्डपासून सुरू होते आणि तिथेच संपते. हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने लिहिताना मला ही वाट घ्यावीशी वाटत नाही. संस्थेच्या आयुष्याची चोपन्न वर्षे करोनाआधीची आहेत आणि त्या वर्षांत तिने एक अवघड विद्या कमावली. जिवंत जंतू आणि जिवंत विषाणू प्रचंड संख्येने वाढवायचे, पण रोग करण्याइतके समर्थ होऊ द्यायचे नाहीत. गोठवून सुकवायचे, पण मरू द्यायचे नाहीत. आणि हे सारे इतक्या स्वस्तात करायचे की गरीब देशाच्या सरकारलाही परवडावे. या विद्येचा कस क्षयाच्या नव्या लशीत लागला, अजून लागतो आहे. म्हणून हा इतिहास क्षयाच्या धाग्याने सांगितला आहे. ग्वाल्हेरच्या दाना ओलीत राहणाऱ्याने पुण्याच्या संस्थेवर का लिहावे, असे कोणी विचारील. बीसीजीचा व्रण आमच्याकडच्या दंडांवरही तोच आहे, एवढे उत्तर पुरे.

पूर्वपीठिका : १९६५ पर्यंत

क्षयावर वापरात असलेली लस आजही एकच आहे, ती म्हणजे बीसीजी, आणि तिने शंभरी ओलांडली आहे. फ्रान्समधल्या लील शहरात आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या दोघांनी १९०८ साली गुरांच्या क्षयाचा जंतू पित्त घातलेल्या बटाट्यावर वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी तो नव्या कापावर न्यायचा, असा क्रम तेरा वर्षे चालला. २३० वेळा बिऱ्हाड बदलल्यावर जंतू जिवंत होता, पण त्याची रोग करण्याची शक्ती गेली होती. मधल्या काळात पहिले महायुद्ध झाले, लील जर्मनांच्या ताब्यात गेले, तरी काम थांबले नाही. १९२१ मध्ये पॅरिसमधल्या एका नवजात बाळाला ही लस तोंडावाटे दिली गेली. त्याची आई क्षयाने गेलेली होती आणि ज्या आजीकडे ते वाढणार होते तिलाही क्षय होता.

पुढे १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक गावी लशीत रोगकारक क्षयजंतू मिसळले गेले आणि ७२ बाळे दगावली. चौकशीत दोष लशीचा नसून प्रयोगशाळेतल्या हाताळणीचा होता, हे सिद्ध झाले. तरी पालकांच्या मनातली भीती निघायला बरीच वर्षे लागली. जिवंत लस बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्यात ल्युबेकची आठवण आजही जागी असते. बीसीजीसाठी इमारत वेगळी, यंत्रे वेगळी आणि माणसेही वेगळी ठेवण्याचा कडक नियम आहे, त्यामागे अशाच दुर्घटनांचा धाक आहे.

आपल्या देशात १९४८ साली मद्रासजवळ गिंडीला सरकारी बीसीजी प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९५१ पासून देशव्यापी मोहीम निघाली. मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूट होतीच. प्लेगच्या साथीत १८९९ साली स्थापन झालेली ही संस्था लशी आणि रक्तजल बनवत असे. सीरमचा जन्म हाफकिनशी असलेल्या एका व्यवहारातून झाला.

१९६६–१९७५ : घोड्यांची पाग

पूनावाला कुटुंबाचा पुण्यात शर्यतीचे घोडे पैदा करण्याचा व्यवसाय होता. शर्यतीतून आणि पैदाशीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिनकडे जात. तिथे घोड्याला धनुर्वाताचे विष अगदी थोड्या, पण चढत्या मात्रेत टोचत. त्याच्या रक्तात प्रतिविष तयार झाले की मानेच्या शिरेतून रक्त काढून त्यातले रक्तजल वेगळे करत. सायरस पूनावाला तेव्हा पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातून नुकते बाहेर पडलेले पंचविशीतले तरुण होते. घोड्यांच्या शर्यतीला स्वतंत्र भारतात फार भविष्य नाही, असे त्यांचे मत होत चालले होते. मोटारी बनवण्याचा विचारही त्यांनी करून पाहिला होता. ज्या घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष बनते ते घोडे आपल्याच पागेत आहेत, मग रक्तजलही इथेच का बनवू नये, या सरळ हिशेबातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. नाव अर्थातच रक्तजलावरून पडले. घोडे विकून आणि घरच्यांच्या मदतीने सुमारे पाच लाख रुपये जमले. हाच संस्थेचा मूळ निधी.

दोन वर्षांच्या आत धनुर्वाताचे प्रतिविष तयार होऊ लागले. तेव्हा धनुर्वात हे बाळंतिणीचे आणि नवजात बाळाचे दुखणे होते, शेतकऱ्याच्या पायात घुसलेल्या खिळ्याचे दुखणे होते. औषध बाहेरून येई किंवा सरकारी प्रयोगशाळांत बने, आणि कधीच पुरत नसे. सुरुवातीच्या काळात संस्थेत माणसे थोडी होती. जो घोडा सांभाळे त्यालाच बाटल्या धुण्याचीही माहिती असे. त्या पिढीतल्या बहुतेकांची नावे कुठल्या फलकावर नाहीत, पण संस्थेच्या पायातले दगड तेच आहेत. १९७४ मध्ये घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची त्रिगुणी लस आली.

क्षयाच्या बाजूने पाहिले तर याच वर्षांत दोन गोष्टी घडल्या. त्या वेळी हडपसरमध्ये त्यांच्याकडे कोणाचे लक्ष असण्याचे कारण नव्हते. पहिली १९६६ चीच. बीसीजीचा मूळ जंतू लीलहून पॅरिसला आणि तिथून कोपनहेगन, मॉस्को, टोकियो, प्राग असा जगभर गेला होता. विरजण घराघरांत फिरले की प्रत्येक घरच्या दह्याची चव वेगळी होते, तसे प्रत्येक प्रयोगशाळेतले बीसीजी थोडे वेगळे झाले. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६६ मध्ये सुकवलेल्या बीसीजीसाठी दंडक घातले. प्रत्येक उत्पादकाने आपला मूळ जंतू सुकवून साठवावा आणि दर वेळी त्या साठ्यातूनच लस बनवावी, म्हणजे पुढे बदल साचणार नाहीत. दुसरी गोष्ट १९६८ ची. मद्रासजवळच्या चिंगलपेट जिल्ह्यात अडीच लाखांहून अधिक माणसांवर बीसीजीची चाचणी सुरू झाली. लशींच्या इतिहासात इतक्या मोठ्या चाचण्या फार थोड्या आहेत.

१९७६–१९८५ : विस्तार आणि एक धक्का

या दशकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि संस्थेसाठी ते चांगलेच लक्षण होते. १९७८ मध्ये केंद्र सरकारने विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू केला आणि त्यात बीसीजीचा समावेश होता. त्रिगुणी लशीची मागणी वाढली. १९८१ मध्ये सर्पदंशावरचे औषध संस्थेत बनू लागले. पागेतल्या घोड्यांचे महत्त्व टिकले, पण संस्था आता पागेपुरती राहिली नव्हती.

धक्का होता चिंगलपेटचा. बीसीजीने प्रौढांना फुप्फुसाच्या क्षयापासून काहीच संरक्षण दिले नाही, हा निष्कर्ष १९७९–८० मध्ये जाहीर झाला. इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांवर याच लशीने सुमारे ऐंशी टक्के संरक्षण दिले होते. भारतात शून्य का? आपल्याकडच्या माती-पाण्यात क्षयाचे निरुपद्रवी भाऊबंद जंतू भरपूर आहेत आणि त्यांच्याशी लहानपणीच ओळख झालेल्या शरीराला बीसीजी नवे काही शिकवू शकत नाही, असे एक कारण पुढे आले. ते अजूनही पूर्णपणे मान्य झालेले नाही. तान्ह्या मुलांना मात्र मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि अंगभर पसरणारा क्षय यांपासून बीसीजी वाचवते, याविषयी दुमत नव्हते. म्हणून लस टिकली. पण क्षय पसरतो तो खोकणाऱ्या मोठ्या माणसांकडून, आणि त्यांच्यासाठी हाती काही नव्हते.

१९८६–१९९५ : जिवंत विषाणूंशी ओळख

१९८५ अखेरीस सुरू झालेला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत पोचू लागला, तसे संस्थेचे रूप पालटले. १९८९ मध्ये गोवराची लस आली. प्रतिविष आणि त्रिगुणी लस यांत जिवंत काही नसते. गोवराची लस म्हणजे जिवंत, पण निर्बल केलेला विषाणू. तो मानवी पेशींवर वाढवायचा, थंडीत सुकवायचा, आणि बाटलीत पाणी घातल्यावर तो पुन्हा कामाला लागला पाहिजे. संस्थेच्या इतिहासात हे वळण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुढे गालगुंड, रुबेला आणि बीसीजी आले ते याच वाटेने.

१९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना लशी विकण्याचा मार्ग मोकळा झाला. हडपसरच्या खोक्यांवर आफ्रिकेतल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या शहरांची नावे दिसू लागली. ही मान्यता मिळवण्यात हाफकिनच्या परंपरेतून आलेल्या आणि पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतून शिकलेल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचा, तसेच रात्रपाळीला तापमानाच्या नोंदी लिहिणाऱ्या कामगारांचा वाटा सारखाच होता. डॉ. सुरेश जाधव यांनी दीर्घकाळ कार्यकारी संचालक म्हणून गुणवत्ता आणि परदेशी मान्यतेची बाजू सांभाळली. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.  

याच सुमारास, १९९३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने क्षय ही जागतिक आणीबाणी असल्याचे जाहीर केले. एचआयव्हीच्या पाठोपाठ क्षय पुन्हा डोके वर काढत होता. नवी लस हवी, हे आता सगळेच म्हणू लागले.

१९९६–२००५ : बर्लिनचा जंतू, पुण्याची बाटली

काल्मेत-गेरँच्या तेरा वर्षांत नेमके काय घडले, याचे उत्तर या दशकात मिळाले. जनुकांची तुलना केल्यावर दिसले की बीसीजीतून जनुकांचा एक तुकडाच गळून पडला आहे. रोगकारक क्षयजंतूत तो असतो आणि रोग घडवण्यात त्याचा मोठा हात असतो. निर्बल होण्याचे कारण कळले, तसे काय घालावे आणि काय काढावे याचाही विचार करता येऊ लागला.

बर्लिनच्या माक्स प्लांक संसर्गजीवशास्त्र संस्थेत स्टेफान काउफमान आणि त्यांचे सहकारी हाच विचार करत होते. क्षयजंतू आणि बीसीजी दोघेही शरीरात शिरल्यावर भक्षकपेशी त्यांना गिळते आणि एका पोकळीत कोंडते. ती पोकळी आम्ल झाली की आतला जंतू पचतो. बीसीजी युरिएज नावाचे द्रव्य तयार करून पोकळीतली आम्लता कमी ठेवते आणि तिथे आरामात राहते. त्यामुळे तिचे अंश पोकळीबाहेर येत नाहीत आणि संक्रमित पेशी मारून टाकणाऱ्या लढाऊ पेशींना तिची पुरेशी ओळख होत नाही. काउफमान यांच्या गटाने बीसीजीतले युरिएजचे जनुक काढले. त्याजागी लिस्टेरिया या जंतूतले एक जनुक घातले. त्यापासून बनणारे द्रव्य आम्ल वातावरणात पोकळीच्या पडद्याला छिद्रे पाडते. बीसीजीचे अंश बाहेर सांडतात, लढाऊ पेशी जाग्या होतात. पडदा फाडणारे हे द्रव्य पेशीच्या मुख्य भागात पोचताच लगेच विघटित होते, म्हणून पेशीला त्याचा धोका राहत नाही. उंदरांवर ही नवी बीसीजी जुनीपेक्षा सरस ठरल्याचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. हॅनोव्हरच्या एका लस-विकास कंपनीने तिचे हक्क घेतले आणि तिला व्हीपीएम १००२ असे रुक्ष नाव मिळाले.

पुण्यात तेव्हा साधी बीसीजी बनत होती. संस्थेने मॉस्को वंशाचा जंतू वापरला आणि २००३ मध्ये तिच्या बीसीजीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली. बीसीजी बनवणे हे उतावळ्या माणसाचे काम नाही. बहुतेक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, या कुळाला जवळपास दिवस लागतो. द्रवावर सायीसारखी तवंग धरली की ती गोळा करायची, पाणी निथळायचे, गुठळ्या फोडायच्या, मात्रा मोजायची, गोठवून सुकवायची. एका मात्रेत किती जंतू जिवंत आहेत हे पाहायलाही आठवडे लागतात, कारण मोजण्यासाठी ते आधी वाढावे लागतात. कमी निघाले तर लस निकामी, जास्त निघाले तर बाळाच्या काखेत गाठी. उजेडाने जंतू मरतो म्हणून बाटली गडद तपकिरी असते. आरोग्य केंद्रावर उघडलेली बाटली काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. ज्या परिचारिकांनी तान्ह्या बाळाच्या कातडीत, अगदी वरच्या थरात, अर्धा दशांश मिलीलीटर लस टोचून मटाराएवढा फुगवटा आणला आहे, त्यांना या लशीचा नाजूकपणा कोणी सांगायला नको.

चिंगलपेटचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष तोच राहिला. २००१ मध्ये आफ्रिकेतल्या मेंदूज्वरावर अल्पदरात लस बनवण्याचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि पुढे तो संस्थेकडे आला. क्षयाशी त्याचा थेट संबंध नाही, तरी इथे नोंद हवी. पन्नास सेंटच्या आत एक मात्रा, ही आफ्रिकी देशांची अट होती आणि ती पाळली गेली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये ती लस मोठ्या प्रमाणावर दिली जाऊ लागली. परदेशात जन्मलेले तंत्र आणून गरिबांच्या किमतीत बसवायचे, ही रीत तिथे पक्की झाली.

२००६–२०१५ : बीसीजीचा तुटवडा, नव्या लशीचे आगमन

२००८ च्या जानेवारीत उत्पादनाचे निकष पाळले जात नसल्याच्या कारणावरून गिंडी, कसौली आणि कुन्नूर इथल्या सरकारी लस-संस्थांचे परवाने स्थगित झाले. संसदेत आणि वर्तमानपत्रांत वाद झाला, दोन वर्षांनी त्या संस्था पुन्हा सुरू करण्याचा निर्णयही झाला. पण मधल्या काळात देशाच्या बीसीजीचा भार मुख्यतः पुण्यावर आला. सरकारी प्रयोगशाळा बंद ठेवून देशाने स्वतःचे भले केले नाही, असे माझे मत आहे. खाजगी संस्थेच्या गौरवलेखातही ते लिहायला हरकत नसावी. या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कच्या सरकारी संस्थेत उत्पादनाच्या अडचणी आल्या आणि बीसीजी जगभरच अपुरी पडली. तेव्हाही हडपसरच्या बाटल्या कामी आल्या.

२०१० मध्ये स्वाइन फ्लूवर नाकात फवारायची जिवंत लस संस्थेने आणली. जिवंत लशींचा अनुभव आता वीस वर्षांचा झाला होता. व्हीपीएम १००२ सीरमकडे आली ती या पार्श्वभूमीवर, २०१३ च्या सुमारास. तोवर ती जर्मनीत २००८ साली ८० निरोगी पुरुषांना, दक्षिण आफ्रिकेत २०१० साली २४ प्रौढांना आणि नंतर तिथल्याच ४८ नवजात बाळांना देऊन पाहिली होती. सुरुवातीच्या जंतूत एका प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक ओळखीसाठी ठेवलेले होते. माणसांना द्यायच्या लशीत असे जनुक असू नये, म्हणून ते पुढच्या रूपात काढून टाकले गेले. २०१५ पासून दक्षिण आफ्रिकेत ४१६ बाळांवर पुढची चाचणी झाली. त्यांतल्या काहींच्या आयांना एचआयव्ही होता. या बाळांमध्ये गळू, व्रण आणि काखेतल्या गाठी जुन्या बीसीजीपेक्षा कमी आढळल्या. जिवंत लस दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या बाळाला द्यायची की नाही, या जुन्या पेचात हा निष्कर्ष मोलाचा आहे.

इथे कारखान्याचे काम नेमके काय असते, हे सांगायला हवे. बर्लिनच्या परीक्षानळीत जंतू बदलला, तरी तो हजारो लिटरच्या हिशेबात तसाच वाढेल याची खात्री नसते. घातलेले जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकते का, सुकवल्यावर किती टक्के जिवंत राहतात, दोन वर्षांनी किती उरतात, एका खेपेतली लस दुसरीसारखीच आहे का — या प्रश्नांवर निबंध लिहिले जात नाहीत, पण त्यांची उत्तरे नसतील तर लस कपाटातच राहते. डॉ. राजीव ढेरे, डॉ. उमेश शाळिग्राम, डॉ. प्रसाद कुलकर्णी यांच्यासारख्या ज्येष्ठांनी आणि त्यांच्या हाताखालच्या शेकडो तंत्रज्ञांनी संस्थेत संशोधनाची आणि चाचण्यांची जी घडी बसवली, तिच्या जोरावर असली उत्तरे मिळतात.

२०१६–२०२६ : चाचण्यांचे दशक

डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दोन हजार प्रौढांवर चाचणी सुरू झाली. क्षयाचे उपचार पुरे करून बरे झालेली ही माणसे होती. क्षय उलटतो, आणि उलटलेला क्षय औषधांना लवकर दाद देत नाही. तो उलटू नये म्हणून लस देऊन पाहायची, ही कल्पना भारतासारख्या देशातच सुचावी. २०१८ मध्ये संस्थेने हॅनोव्हरच्या कंपनीतला बहुसंख्य हिस्साच घेतला. पुण्याची संस्था जर्मन जंतूची मालक झाली.

जुलै २०१९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मोठी चाचणी हाती घेतली. ज्या घरात नुकताच थुंकीत क्षयजंतू असलेला रुग्ण सापडला आहे त्या घरातल्या निरोगी माणसांना निवडायचे, कारण पहिला धोका त्यांनाच. तीन गट केले. एकाला व्हीपीएम १००२, दुसऱ्याला इम्यूव्हॅक ही दुसऱ्या भारतीय उत्पादकाची मृत जंतूंची लस, तिसऱ्याला निव्वळ पोकळ टोचणी. कोणाला काय मिळाले हे टोचणाऱ्यालाही माहीत नाही. महाराष्ट्र, दिल्ली, कर्नाटक, तमिळनाडू, तेलंगणा आणि ओडिशा या सहा राज्यांत १८ ठिकाणी १२ हजारांवर माणसे सामील झाली. प्रत्येकाचा पाठपुरावा तीन वर्षांहून अधिक काळ. घर बदलले, गाव सोडले, मुलगी लग्न होऊन गेली, तरी तिला शोधून काढायचे. मधे टाळेबंदी आली. लशीचे श्रेय वाटताना ही बारा हजार माणसे आणि त्यांच्या दारी पुन्हापुन्हा जाणारे क्षेत्रकार्यकर्ते यांना पहिल्या रांगेत बसवायला हवे.

करोनाच्या वर्षात व्हीपीएम १००२ वर आणखी एक जबाबदारी आली. बीसीजीने एकूणच प्रतिकारशक्ती जागी होते असा कयास होता, म्हणून २०२० मध्ये सुमारे सहा हजार लोकांवर तिची करोनाविरुद्ध चाचणी झाली. कोविशील्डविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे. इथे २१ जानेवारी २०२१ ची नोंद करतो. त्या दिवशी संस्थेच्या मांजरी इथल्या आवारात बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली आणि पाच कंत्राटी कामगार मृत्युमुखी पडले. कोविशील्ड दुसरीकडे बनत असल्याने देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. जळाली ती रोटाव्हायरस आणि बीसीजी यांसाठी उभारली जात असलेली यंत्रसामग्री. संस्थेच्या साठ वर्षांच्या पटावर त्या पाच जणांना स्थान असले पाहिजे.

२०२२ मध्ये संस्थेच्या सायटीबी या त्वचाचाचणीला देशात मान्यता मिळाली. जुन्या ट्युबरक्युलिन चाचणीचा दोष असा की बीसीजी घेतलेल्याच्या हातावरही गाठ उठे आणि संसर्ग आहे की नुसती लस, ते कळत नसे. बीसीजीतून गळून पडलेल्या त्याच तुकड्यातली प्रथिने नव्या चाचणीत वापरली आहेत. बीसीजीला ती माहीतच नसल्यामुळे गाठ उठली तर संसर्ग खरा. एका उणिवेचा असा उपयोग व्हावा, हे मला फार आवडते.

आजची स्थिती अशी. गॅबॉन, केनिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि युगांडा या देशांत जवळपास सात हजार नवजात बाळांवर व्हीपीएम १००२ आणि साधी बीसीजी यांची तुलना करणारी चाचणी २०२० पासून हाती घेतली गेली. स्पर्धाही आहे. स्पेनमधल्या सारागोसा विद्यापीठात कार्लोस मार्तीन यांच्या गटाने माणसाच्याच क्षयजंतूतली दोन जनुके काढून एमटीबीव्हॅक ही जिवंत लस घडवली, आणि २०२४ मध्ये हैदराबादच्या भारत बायोटेकने तिच्या भारतातल्या चाचण्या सुरू केल्या. दोन भारतीय कारखाने दोन वेगळ्या जिवंत लशींवर काम करत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. जुन्या बीसीजीचा प्रौढांना पुन्हा डोस देऊन पाहण्याचा सरकारी उपक्रमही २०२४ मध्ये सुरू झाला आणि त्यात मध्य प्रदेश आहे.

पण नव्या लशीच्या त्या सहा राज्यांत मध्य प्रदेश नव्हता. ग्वाल्हेरहून दोनशेएक किलोमीटरवर श्योपूर आहे, जुन्या ग्वाल्हेर संस्थानातला कसबा. मराठी घरात जन्मून हिंदीत लिहिलेले गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली तिथे जन्मले आणि १९६४ मध्ये मेंदूच्या आवरणाच्या क्षयाने गेले. श्योपूर जिल्ह्यातल्या सहरिया आदिवासींमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख प्रौढांमागे १,५१८ जणांना फुप्फुसाचा क्षय आढळला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशाचा आकडा ३१६ आहे. आदिवासींवर चाचणी म्हटले की शंका येतात आणि त्या रास्त आहेत. संमती त्यांच्या बोलीत समजावून घेतली पाहिजे, पाठपुराव्यात औषधोपचार मिळाले पाहिजेत, आणि लस यशस्वी झाली तर ती आधी त्यांच्याच पाड्यांवर पोचली पाहिजे. या अटी पाळून पुढच्या चाचणीच्या यादीत चंबळ-ग्वाल्हेर भागातला एखादा जिल्हा धरावा, अशी विनंती संस्थेला आणि परिषदेला या हीरकमहोत्सवी लेखातून करून ठेवतो.